कॅसेट संगणकावर उतरवताना आवाज नेमका कुठून ऐकावा

जुनी कॅसेट संगणकावर उतरवणे म्हणजे डेकमधून, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रातून, निघणारा आवाज तारेने संगणकाकडे नेणे आणि रेकॉर्डचे बटण दाबणे, एवढीच कल्पना घेऊन बसणाऱ्याला पहिली अडचण येते ती ऐकण्याची. टेप फिरत असते, पडद्यावर लहरींची आकृती उमटत असते, पण कानावर काहीच येत नाही. किंवा येते ते दोनदा येते, आधी एक शब्द आणि त्याच्या मागोमाग पुन्हा तोच शब्द. काही वेळा याहून फसवे घडते. हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ असतो आणि नंतर फाइल उघडल्यावर तोच आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा पोकळ निघतो. या तिन्ही प्रकारांचे मूळ एकच आहे. डेकपासून फाइलपर्यंतच्या वाटेवर आवाज ऐकता येईल अशी ठिकाणे एकाहून अधिक आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी ऐकलेला आवाज फक्त तिथपर्यंत काय घडले एवढेच सांगतो. पुढे त्याचे काय झाले याची तो कसलीही हमी देत नाही.

म्हणून आधी ही वाट पाहून घेऊ. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणलेल्या कॉम्पॅक्ट कॅसेटमधली फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि ती सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटिमीटर या वेगाने हेडसमोरून, म्हणजे फीत वाचणाऱ्या छोट्या भागासमोरून, सरकते. फितीवरच्या चुंबकीय बदलांपासून हेडमध्ये अगदी क्षीण विद्युत-संकेत तयार होतो, डेकमधला प्रवर्धक तो वाढवतो आणि लाइन-आउटच्या खोबणीतून तो बाहेर पडतो. तिथून तार संगणकातल्या साउंड कार्डच्या किंवा बाहेरून जोडलेल्या यूएसबी इंटरफेसच्या लाइन-इनमध्ये जाते. तिथे संकेताची उंची सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजली जाते, हे आकडे थोडा वेळ बफर नावाच्या तात्पुरत्या साठ्यात थांबतात, रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर ते उचलते आणि शेवटी डिस्कवर लिहिते. ऐकण्याच्या जागा या वाटेवर मुख्यतः चार आहेत: डेकचा स्वतःचा हेडफोन, इंटरफेसचा हेडफोन, सॉफ्टवेअरमधून परत फिरवलेला आवाज आणि लिहून झालेली फाइल.

डेकचा हेडफोन हा सर्वांत सोपा पर्याय आहे आणि टेप, हेड व डेक यांच्यातले दोष शोधायला तोच सर्वांत चांगला आहे, कारण संगणकाची कसलीही ढवळाढवळ त्यात नसते. परंतु त्या हेडफोनमध्ये गाणे सुरेख वाजत असताना तार अर्धवट निघालेली असू शकते, संगणकाने भलताच इनपुट निवडलेला असू शकतो, एवढेच काय पण रेकॉर्डिंग सुरूच झालेले नसू शकते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लाइन-आउटमधून तार नेली असेल तर हेडफोनचा आवाज कमीजास्त केल्याने रेकॉर्डिंगवर सहसा परिणाम होत नाही. पण डेकला लाइन-आउट नसल्यामुळे हेडफोनच्याच खोबणीतून तार संगणकाकडे नेली असेल, जसे छोट्या खिशातल्या प्लेअरच्या बाबतीत करावेच लागते, तर आवाजाचे ते चाक म्हणजेच रेकॉर्डिंगच्या पातळीचे चाक होय. एकदा पातळी जमली की त्याला हात लावायचा नाही.

सॉफ्टवेअरमधून आवाज परत ऐकण्याची सोय बहुतेक सर्व रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये असते, मात्र ती पुष्कळदा मुळात बंद असते, आणि ‘मीटर हलतो पण ऐकू येत नाही’ या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये इनपुटचा मीटर, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी, चालू करणे ही एक गोष्ट आणि आत आलेला आवाज स्पीकरकडे पाठवणे ही दुसरी गोष्ट. दुसरीला तिथे बराच काळ ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’ असे नाव होते. विंडोजमध्ये रेकॉर्डिंगच्या उपकरणाच्या गुणधर्मांत ‘लिसन’ नावाच्या भागातही अशीच एक चौकट असते. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी खूण केली तर तोच आवाज थोड्याथोड्या अंतराने दोनदा ऐकू येतो आणि रेकॉर्डिंग बिघडले की काय, अशी शंका येते.

या मार्गाने ऐकलेला आवाज नेहमी थोडा उशिरा येतो, कारण आत येताना आणि बाहेर पडताना आकडे बफरमध्ये थांबतात. बफर ४,४१० नमुन्यांचा, म्हणजे मोजलेल्या आकड्यांचा, असेल तर ४४,१०० हर्ट्झ या दराने एका फेरीला एक दशांश सेकंद जातो, आणि प्रत्यक्षात येण्याजाण्याचा उशीर त्याहूनही अधिक होतो. संगीताबरोबर वाजवणाऱ्या वादकाला हा उशीर असह्य होतो; टेप उतरवणाऱ्याला तो निरुपद्रवी आहे, कारण त्याला कोणाबरोबर ताल धरायचा नसतो. त्रास होतो तो डेकचा स्पीकर आणि संगणकाचा स्पीकर एकाच वेळी चालू ठेवल्यावर. तेव्हा जो प्रतिध्वनी ऐकू येतो तो खोलीतल्या हवेत तयार होतो, फाइलमध्ये नव्हे. खात्री करायची असल्यास प्लेथ्रू बंद करून काही सेकंद रेकॉर्ड करावे आणि ते वाजवून पाहावे.

एका परिस्थितीत मात्र प्रतिध्वनी खरोखरच फाइलमध्ये जातो. इनपुट म्हणून लाइन-इनऐवजी ‘स्टिरिओ मिक्स’ किंवा त्यासारखा, संगणकातून बाहेर पडणारा सगळा आवाज पकडणारा मार्ग निवडलेला असेल आणि प्लेथ्रूही चालू असेल, तर बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत शिरतो, पुन्हा बाहेर पडतो, आणि हे चक्र वाढत जाते. त्याच मार्गाने मध्येच आलेल्या टपालाच्या सूचनेची टिंगही ध्वनिमुद्रणात कायमची बसते. कॅसेट उतरवताना हा इनपुट निवडण्याचे काहीच कारण नाही.

पुष्कळ इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ असे बटण किंवा चाक असते. त्यातून ऐकलेला आवाज संगणकात न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनकडे वळतो, म्हणून त्याला उशीर जवळजवळ नसतो. तार आणि इंटरफेसपर्यंतचा मार्ग ठीक आहे हे त्यावरून कळते. सॉफ्टवेअर बंद असले तरी तो ऐकू येतच राहतो, ही त्याची सोयही आहे आणि मर्यादाही.

आता पोकळ आवाजाच्या कोड्याकडे वळू. लॅपटॉपला पुष्कळदा एकच खोबण असते आणि ती हेडफोन व मायक्रोफोन एकत्र असलेल्या चार भागांच्या प्लगसाठी बनवलेली असते. तिच्यात डेककडून आलेला साधा तीन भागांचा स्टिरिओ प्लग घातला तर संगणक त्याला हेडफोन समजतो आणि रेकॉर्डिंगसाठी मुकाट्याने स्वतःचा अंगचा मायक्रोफोन वापरतो. डेकचा स्पीकर चालू असेल तर खोलीतून फिरून आलेला आवाज त्या मायक्रोफोनमध्ये शिरतो, मीटर हलतो, लहरी उमटतात, आणि सगळे यथास्थित चालले आहे असे वाटते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे: रेकॉर्डिंगचा मीटर पाहत लॅपटॉपच्या कडेवर, पडद्याच्या वरच्या पट्टीवर आणि कळफलकाजवळ नखाने हलकेच टिचकी मारावी. प्रत्येक टिचकीला मीटरने उसळी घेतली तर आवाज तारेतून येत नाही, हवेतून येतो आहे. खरा मायक्रोफोन-इन असलेल्या जुन्या संगणकांवरही लाइन-आउटची तार त्यात घालू नये. ती खोबण काही मिलिव्होल्टांच्या संकेतासाठी असते, बहुधा एकाच चॅनेलची असते आणि लाइन-आउट तिला साधारण शंभर पटींनी जड पडतो. लाइन-इन असलेले साधे यूएसबी साउंड कार्ड घेणे हाच यावरचा सरळ उपाय आहे. ते जोडल्यानंतर ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाजातला गोंगाट आपोआप काढणारी, प्रतिध्वनी दाबणारी आणि पातळी आपोआप सांभाळणारी सगळी ‘सुधारणा’ बंद करावी. ही साधने बोलण्यासाठी बनवलेली असतात. तानपुऱ्याचा अखंड सूर हा त्यांच्या लेखी गोंगाटच असतो, आणि तो काही सेकंदांत विरत गेल्याचे ऐकू आले की समजावे, कुठेतरी असे एखादे साधन चालू राहिले आहे.

पातळीच्या बाबतीत कान आणि डोळे दोघांचीही गरज लागते. कॅसेटमधला सर्वांत मोठा आवाज ज्या जागी असेल तो भाग आधी वाजवून घ्यावा आणि मीटरची शिखरे शून्याच्या, म्हणजे मीटरच्या कमाल मर्यादेच्या, खाली ६ ते १२ डेसिबलच्या दरम्यान राहतील अशी पातळी ठेवावी. शून्याच्या अगदी जवळ जाण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यात मिळवण्यासारखे काही नाही. सोळा बिटांच्या ध्वनिमुद्रणात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आवाजात तत्त्वतः सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. साध्या कॅसेटमध्ये हे अंतर ५० ते ६० डेसिबलच्या आसपास असते. १० डेसिबल मोकळे सोडले तरी फितीची सुरसुर डिजिटल तळाच्या कितीतरी वर राहते.

मीटर एका ठिकाणी मात्र दगा देतो. आकड्यांत रूपांतर होण्याच्या आधीच, म्हणजे प्रवर्धकात किंवा साउंड कार्डाच्या तोंडाशी, संकेत क्षमतेबाहेर गेला आणि त्यानंतर सॉफ्टवेअरमधल्या सरकपट्टीने पातळी खाली ओढली, तर मीटर निवांत शून्याखाली ६ वर दिसतो आणि आवाज मात्र फाटलेला असतो. अशी लहर पुरेशी मोठी करून पाहिली तर तिची शिखरे गोलसर न दिसता एकाच उंचीवर कात्रीने कापल्यासारखी सपाट दिसतात, आणि ती उंची शून्य नसते. कानाला हे तारस्वरातल्या ‘आ’कारावर किंवा तबल्याच्या जोरकस थापेवर चरचर म्हणून जाणवते. उपाय डेकच्या बाजूला करायचा असतो. सॉफ्टवेअरमध्ये पातळी आणखी कमी केल्याने काहीही साध्य होत नाही. तोच भाग डेकच्या हेडफोनवरही फाटलेला ऐकू येत असेल तर दोष मूळ ध्वनिमुद्रणातला आहे किंवा डेकमधला आहे, आणि तिथे संगणकाला दोष देण्यात अर्थ नाही.

हेडचा कोन कानाने लावणे

आवाज ऐकत राहण्याचा सर्वांत मोठा फायदा पातळीपेक्षाही येथे होतो, आणि नेमके हेच काम बहुतेक जण टाळतात. डेकच्या हेडमध्ये एक अतिशय अरुंद फट असते आणि ती फितीच्या धावण्याच्या दिशेशी बरोबर काटकोनात असावी लागते. ज्या यंत्रावर कॅसेट भरली गेली त्याचा कोन किंचित वेगळा असेल, तर तुमच्या डेकवर तिचा आवाज दबलेला, घोंगडीखालून आल्यासारखा येतो. असे का होते, हे साध्या गणिताने कळते. १०,००० हर्ट्झच्या आवाजाची एक पूर्ण लहर फितीवर केवळ ४.७६ मायक्रॉन लांबीची असते. स्टिरिओ कॅसेटचा एका चॅनेलचा पट्टा सुमारे ०.६ मिलिमीटर, म्हणजे ६०० मायक्रॉन रुंद असतो. फट जेमतेम अर्धा अंश तिरपी झाली की पट्ट्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एक पूर्ण लहर सामावते. चढ आणि उतार एकाच वेळी फटीखाली येतात, एकमेकांना रद्द करतात आणि तो उंच स्वर नाहीसा होतो. एकदा असा गेलेला स्वर नंतर सॉफ्टवेअरमध्ये तार स्वर वाढवून परत आणता येत नाही. वाढते ती फक्त सुरसुर.

बहुतेक डेकमध्ये हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला एक छोटा स्क्रू असतो आणि कॅसेट वाजत असताना त्याच्यापर्यंत बारीक पेचकस पोहोचेल एवढी वाट असते. स्क्रूच्या मूळ स्थितीची खूण करून ठेवावी, चुंबकत्व नसलेला पेचकस घ्यावा आणि स्क्रू दोन्ही दिशांना अगदी थोडाथोडा फिरवत जावे. ‘स’, ‘श’ हे उच्चार, झांजेचा झणत्कार, एवढेच नव्हे तर नुसती फितीची सुरसुरही एका बिंदूपाशी लख्ख उघडते आणि पुढे गेले की पुन्हा मिटते. या कामासाठी थेट डेकचा किंवा डायरेक्ट मॉनिटरचा आवाजच ऐकावा. मघाशी निरुपद्रवी म्हटलेला सॉफ्टवेअरचा उशीर येथे मात्र बाधतो, कारण हात थांबल्यावर कानाला बदल कळतो आणि योग्य बिंदू दर वेळी हुकतो. ब्लूटूथचे हेडफोन याच कारणासाठी बाजूला ठेवावेत.

दोन्ही चॅनेल एकत्र करून, म्हणजे मोनो ऐकले तर ही परीक्षा कितीतरी अधिक काटेकोर होते. डाव्या आणि उजव्या पट्ट्यांचे मध्य एकमेकांपासून जवळपास एक मिलिमीटर दूर असल्यामुळे अर्ध्या अंशाहूनही बराच कमी तिरपेपणा दोन चॅनेलांमध्ये अर्ध्या लहरीचा फरक पाडायला पुरतो, आणि बेरजेत ते दोन्ही एकमेकांना खातात. स्टिरिओ ऐकताना ठीक वाटणारा कोन मोनोत ऐकला की लगेच उघडा पडतो. प्रवर्धकावर मोनोचे बटण असेल तर ते दाबावे. विंडोजच्या सुलभतेच्या सेटिंगमध्येही मोनो आवाजाची सोय आहे, पण ती संगणकातून जाणाऱ्या आवाजालाच लागू होत असल्यामुळे स्क्रू फिरवून क्षणभर थांबण्याचे धोरण ठेवावे लागते. दोन्ही बाजू आपोआप वाजवणाऱ्या ऑटो-रिव्हर्स डेकमध्ये उलट्या दिशेचा कोन वेगळा असू शकतो, म्हणून कॅसेट हाताने उलटून एकाच दिशेने वाजवणे मला अधिक भरवशाचे वाटते. आणि हे सगळे करण्यापूर्वी हेड व रबरी चाक स्वच्छ केलेले असावे, हे सांगायला नकोच; मळक्या हेडवर कोन शोधणे म्हणजे वेळ घालवणे आहे.

कोन लागल्यानंतरच डॉल्बीचा, म्हणजे फितीची सुरसुर कमी करणाऱ्या सोयीचा, निर्णय घ्यावा. कॅसेट डॉल्बी बी वापरून भरलेली असेल आणि वाजवताना ते बटण बंद असेल, तर तार स्वर आणि सुरसुर दोन्ही वाजवीपेक्षा पुढे येतात. साधी भरलेली कॅसेट डॉल्बी चालू ठेवून वाजवली तर ती मंद ऐकू येते. उंच स्वरांची पातळी पाहूनच डॉल्बीचे मंडल काम करत असल्यामुळे कोन चुकलेला असताना ते स्वतःही चुकते आणि दबलेला आवाज आणखी दाबते.

आवाजाखालच्या गोंगाटाचा उगम शोधायचा असेल तर टेप थांबवून ऐकावे. डेक चालू, तारा जोडलेल्या, पण फीत थांबलेली, अशा स्थितीत जे उरते ते कॅसेटमधले नाही. उरलेली जाड गुणगुण विजेच्या पुरवठ्याची असते, ५० किंवा ६० हर्ट्झची आणि तिच्या पटींची, आणि डेक व संगणक वेगवेगळ्या मार्गांनी जमिनीशी जोडले गेल्याने ती तयार होते. लॅपटॉपचा चार्जर काढल्याबरोबर ती गेली तर रेकॉर्डिंगपुरते बॅटरीवर चालवावे. गेली नाही तर लाइनच्या तारेत विलगीकरणाचा ट्रान्सफॉर्मर घालता येतो. माऊस हलवताना बदलणारी बारीक किणकिण संगणकाच्या आतल्या साउंड कार्डाची असते आणि बाहेरचे यूएसबी कार्ड घेतल्यावर बहुधा थांबते. फीत सुरू केल्यावर जी सुरसुर वाढते ती मात्र कॅसेटची स्वतःची आहे, ती उतरवतानाच काढून टाकण्याच्या मागे लागू नये.

राहिली चौथी जागा, म्हणजे फाइल. तीन हेड असलेल्या चांगल्या डेकवर रेकॉर्डिंग करताना, नुकताच फितीवर लिहिलेला आवाज तिसऱ्या हेडने लगेच ऐकता येत असे. संगणकावर प्लेथ्रूने ऐकू येतो तो लिहिण्याआधीचा आवाज, डिस्कवर लिहिलेला नव्हे. संगणक दुसऱ्या कामात गुंतला, बफर वेळेवर रिकामा झाला नाही आणि काही नमुने गळाले, तर हेडफोनमध्ये काहीही न जाणवता फाइलमध्ये टचकन एक खाच पडू शकते. उलट प्लेथ्रूच्या बाहेर जाण्याच्या वाटेवरच अडखळ झाली तर हेडफोनमध्ये टकटक ऐकू येते आणि फाइल मात्र निर्दोष असते. म्हणून पूर्ण बाजू उतरवण्याआधी मिनिटभराचा नमुना रेकॉर्ड करून, डेक बंद करून, तो फाइलमधून ऐकावा. बफर या कामासाठी मोठाच ठेवावा, संगणकाची झोप बंद करावी आणि डिस्कवर जागा पाहून घ्यावी. सोळा बिट, ४४,१०० हर्ट्झ, स्टिरिओ अशा न दाबलेल्या फाइलला मिनिटाला साधारण साडेदहा मेगाबाइट लागतात, म्हणजे सी-९०, अर्थात नव्वद मिनिटांच्या, कॅसेटच्या दोन बाजूंना मिळून सुमारे ९५० मेगाबाइट.

पूर्ण ४५ मिनिटे हेडफोन लावून बसणे आवश्यक आहे का, हा प्रश्न उरतो. माझ्या मते पहिली पाच मिनिटे लक्षपूर्वक ऐकावीत आणि मग अधूनमधून, पण प्रत्येक वेळी हेडफोनचा आवाज तेवढाच ठेवून. तो बदलत राहिला की टेपचा आवाज पडला की आपणच तो कमी केला, हे सांगता येत नाही. एखाद्या चॅनेलची चमक हळूहळू कमी होत गेली तर हेडवर फितीचा चुरा साचतो आहे. तेव्हा तिथेच थांबून हेड पुसावे आणि थोडे मागे जाऊन पुन्हा सुरू करावे, दोन तुकडे नंतर जोडता येतात. बाजू संपल्यावर फाइल आरंभी, मध्ये आणि शेवटी ऐकावी. शेवटचे काही सेकंद विशेष ऐकावेत, कारण फीत सरत आली की ओढ बदलते आणि सुरांची लडखड तिथे सर्वांत आधी दिसते. दुसरी बाजू लावण्यापूर्वी हेडचा कोन पुन्हा तपासावा. एकाच कॅसेटच्या दोन बाजू वेगवेगळ्या यंत्रांवर भरलेल्या असणे मुळीच दुर्मीळ नाही.